आधी शेपटी पाहा

कुर्ल्यातल्या एखाद्या सोसायटीत माकड शिरल्याचा फोन येतो, आपले कार्यकर्ते जाळी-पिंजरा घेऊन धावतात, गर्दी आवरतात, जनावर सुखरूप हाती लागतं. नोंदवहीत मात्र बऱ्याचदा ‘माकड, १’ एवढंच उरतं. ते बॉनेट होतं की ऱ्हीसस, हे लिहिलेलंच नसतं.

बॉनेट हे दख्खनचं माकड, जगात दुसरीकडे कुठेही न आढळणारं. मुंबई त्याच्याच मुलखात येते. ऱ्हीसस उत्तरेचं. पश्चिमेकडे तापी ही दोघांमधली सीमा मानली जाई. १९८१ साली फूडेन, महाबळ आणि साहा यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये ही सीमा नव्याने मांडली. २०११ मध्ये ऋषी कुमार, सिंधू राधाकृष्ण आणि अनिंद्य सिन्हा यांनी दाखवलं की ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतंय आणि बॉनेटचा मुलूख आक्रसतोय. ॲमेझॉनच्या खोऱ्यात टिटी माकडांच्या अनेक जाती मोठ्या नद्यांमुळेच वेगळ्या राहिल्या. आपल्याकडे मात्र एका ठिकाणी पकडलेली माकडं माणसानेच गाडीत घालून दुसरीकडे नेऊन सोडली. तिथे नदी काय अडवणार? त्यात रस्तारुंदीकरणात वड-पिंपळ गेले, म्हणजे बॉनेटचा निवारा आणि अन्न दोन्ही गेलं. आययूसीएनच्या यादीत ते आता ‘असुरक्षित’ आहे.

कायद्यातही दोघं एका पारड्यात नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्तीनुसार बॉनेट पहिल्या अनुसूचीत आहे, तर ऱ्हीससचं नाव अनुसूचींतून गेलं आहे. म्हणजे पंचनाम्यात जात चुकली की पुढची सगळी कारवाईच चुकते.

ओळख अवघड नाही. बॉनेटची शेपटी धडाइतकी किंवा त्याहून लांब, ऱ्हीससची साधारण निम्मी. बॉनेटच्या टाळूवर भोवऱ्यातून फाकलेली केसांची टोपी आणि कपाळावर मधोमध भांग. ऱ्हीससचे केस सरळ मागे वळलेले, कमरेखाली नारिंगी झाक. चेहऱ्याच्या लालीवर मात्र विसंबू नका, बॉनेटच्या माद्यांची तोंडंही लालसर होतात. पिल्लाच्या बाबतीत शंका असेल तर जाणकाराला फोटो दाखवल्याशिवाय जात लिहू नका.

आमचा आग्रह एवढाच: प्रत्येक सुटकेत दोन फोटो घ्या, एक शेपटीसकट बाजूने, एक टाळूचा वरून. आणि जात ठरेपर्यंत, जागेची कितीही अडचण असली तरी, वन विभागाला कळवून जनावर पिंजऱ्यातच ठेवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दोन्ही जाती आहेत, म्हणून तिथे कुठलंही सोडलं तरी चालतं, हा समज आधी मनातून काढा.