मुदत परक्याची, यंत्रे आपली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित सुरक्षा-पाठिंबा थांबवला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. आपल्या धोरणचर्चेत हा विषय न येण्याचे कारण बहुधा हेच असावे. त्यानंतर मध्य भारतातील एका जिल्हा कार्यालयात मी याविषयी विचारले, तेव्हा तेथील ज्येष्ठ लिपिक म्हणाले, “साहेब, चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?” त्यांचे म्हणणे मला अडाणीपणाचे वाटले नाही. त्यांच्यासमोरच्या संगणकाला डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आणि एक वृद्ध प्रिंटर जोडलेला होता. प्रणाली बदलल्यावर यांपैकी एक जरी रुसले, तरी बाहेरची रांग त्यांनाच जाब विचारणार.

अडचण अशी की, ‘विंडोज ११’ परवान्यासाठी वेगळे पैसे मागत नाही, पण नवे यंत्र मागते. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर नसेल, तर अधिकृत मार्गच बंद. संस्थांसाठी वाढीव सुरक्षा-सेवा आहे. तिचा जाहीर दर पहिल्या वर्षी प्रतियंत्र ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात. तेवढ्यात साधा नवा संगणक येतो.

मग थांबावे का? ‘एक्सपी’चा अनुभव आठवावा. तिचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, आणि एटीएममधून ती जून २०१९ पर्यंत हटवा, असे टप्प्याटप्प्याचे वेळापत्रक रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बँकांना घालून द्यावे लागले. दरम्यान, मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने आंध्र प्रदेश पोलिसांचेही काही संगणक गाठले होते. मात्र जगभरात त्याला बळी पडलेली बहुतेक यंत्रे ‘एक्सपी’ची नव्हे, ‘विंडोज ७’ची होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ती कोणी बसवलीच नव्हती. नवी प्रणाली घेऊन निष्काळजीपणा जुनाच ठेवला, तर खर्च तेवढा वाया जातो.

तिसरा मार्ग मुक्त प्रणालीचा. केरळने शाळांमध्ये तो यशस्वी केला. कारण तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मल्याळम साधने यांवर वर्षानुवर्षे काम झाले. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे, पण तिच्यामागे तितका चिकाटीचा आधार क्वचितच उभा राहिला. केवळ परिपत्रक काढून लिपिकाचा हात नव्या कळफलकावर बसत नाही.

म्हणून सरसकट आदेशाला माझा विरोध आहे. नागरिकांच्या जमिनीच्या, निवृत्तिवेतनाच्या वा आरोग्याच्या नोंदी हाताळणारी आणि इंटरनेटला जोडलेली यंत्रे आधी बदलावीत. तोवर त्यांच्यापुरती वाढीव सेवा एक वर्षासाठी घ्यावी, त्याहून अधिक नको. केवळ ब्राउझरवर चालणारी कामे लिनक्सवर न्यावीत. धडधाकट यंत्रे ई-कचऱ्यात जाणार नाहीत. उरलेली यंत्रे जाळ्यापासून तोडावीत.

पण या वर्गवारीसाठी कोणते यंत्र कोणत्या टेबलावर काय करते, याची यादी लागते. त्या जिल्हा कार्यालयात मी ती मागितली. मला फर्निचरच्या नोंदवहीतले एक पान दाखवण्यात आले. त्यात संगणक खुर्च्यांखाली नोंदवलेले होते आणि खरेदीच्या वर्षाचा रकाना कोरा होता.