पट साऱ्यांचा, दार कोणाचे?

बुद्धिबळाच्या पटावर जात चालत नाही, असे आमच्याकडील गुणवत्तावाले मोठ्या तोऱ्यात सांगतात. चौसष्ट घरे, दोन्हीकडे सोळा-सोळा मोहरे. तिथे ना आरक्षण, ना सवलत, ज्याला खेळता येते तो जिंकतो! ऐकायला हे गोड आहे आणि पटापुरते खरेही आहे. परंतु पटापर्यंत पोहोचायचे तर एक दार ओलांडावे लागते आणि त्या दारावर कोणीतरी बसलेला असतो. तो कोण, त्याला तिथे कोणी बसवले, असे विचारले की या मंडळींची वाचा बसते. म्हणून आज आम्ही ब्रिटनच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत. स्पर्धा साहेबाच्या देशाची, पण तिच्यात आपल्या ओळखीचे पुष्कळ सापडते.

ही स्पर्धा १९०४ साली हेस्टिंग्ज या गावी सुरू झाली. पहिला विजेता विल्यम नेपियर. पुढे हेन्री अ‍ॅटकिन्स नऊ वेळा आणि जोनाथन पेनरोज दहा वेळा जिंकले. विक्रमांची ही यादी इथेच पुरे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही स्पर्धा केवळ इंग्रजांपुरती बंद नव्हती. साम्राज्यातल्या आणि पुढे राष्ट्रकुलातल्या खेळाडूलाही तिथे बसता येत होते. हा इंग्रजांचा उदारपणा म्हणावा काय? ज्याला बोटीचे भाडे परवडते त्यानेच यायचे, तेव्हा दार उघडे ठेवायला साहेबाचे काय जात होते!

पण १९२९ साली एकजण आला. मीर सुलतान खान. पंजाबातल्या सरगोधा भागातील मिठा टिवाना हे त्याचे गाव, आज ते पाकिस्तानात आहे. तो आपल्या देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळत वाढला. त्यात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नाही, नियमही बरेच निराळे. सर उमर हयात खान या सरकारमान्य बड्या जमीनदाराने त्याचा खेळ हेरला आणि १९२६ च्या सुमारास त्याला विलायती नियम शिकवले. १९२८ मध्ये सुलतान खान अखिल भारतीय स्पर्धा जिंकला. पुढच्याच वर्षी रॅम्सगेट येथे तो ब्रिटनचा विजेता झाला! ज्या खेळाचे नियम हातात येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती, त्यात त्याने साहेबाला साहेबाच्या घरी हरवले. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा तोच जिंकला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला नमवले. (त्याच हिवाळ्यात बाबासाहेब लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू मांडीत होते.) हॅम्बुर्ग, प्राग आणि फोकस्टोनच्या ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडच्या संघाने आपल्या पहिल्या पटावर बसवले ते यालाच.

आता या माणसाची नोंद कशी झाली ते पाहा. युरोप-अमेरिकेतील लेखकांनी त्याला 'नोकर' ठरवले. अमेरिकेचा संघ सर उमर यांच्याकडे जेवायला गेला तेव्हा सुलतान खान पाहुण्यांना वाढत होता, ही गोष्ट वर्षानुवर्षे चवीने सांगितली गेली. तो अडाणी होता, निरक्षर होता, असेही छापले गेले. अलीकडे त्याच्या घरच्यांनी याला जाहीर हरकत घेतली आहे. आमचे आजोबा कोणाचे घरगडी नव्हते, निरक्षरही नव्हते, असे त्यांचे म्हणणे आहे. तो वाढपी असता तरी त्याच्या खेळाला काय कमीपणा येणार होता? पण आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले किती तपासून घ्यावे लागते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. जो जिंकतो त्याच्याविषयी 'त्याची बुद्धी उपजत, त्यात अभ्यासाचा भाग नाही' असे म्हटले की जिंकूनही त्याला विद्वानांच्या पंक्तीत बसवावे लागत नाही.

१९३३ अखेर तो मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धांतून कायमचा बाहेर पडला. १९५० साली जागतिक महासंघाने पहिले ग्रँडमास्टर किताब वाटले, त्यात याचे नाव नव्हते. १९६६ मध्ये तो वारला. महासंघाला जाग आली २०२४ मध्ये, तेव्हा त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर करण्यात आले.

त्याच १९३३ साली, त्याच उमर हयात खानांच्या घरातील एक तरुण स्त्री ब्रिटनची महिला विजेती झाली. विजेत्यांच्या यादीत तिचे नाव 'मिस फातिमा' एवढेच येते. सुलतान खानावर निदान पुस्तक तरी झाले; फातिमाच्या वाट्याला एक ओळ.

दाराची खरी गोष्ट पुढेच आहे. २००२ मध्ये टॉर्की येथे चेन्नईचा आर. बी. रमेश हा ब्रिटनची स्पर्धा जिंकला. (आज प्रज्ञानंदचा गुरू म्हणून सारे ज्याला ओळखतात तो हाच.) २००३ मध्ये एडिंबरोला पुण्याचा अभिजित कुंटे जिंकला. लागोपाठ दोन वर्षे भारतीय! आणि २००४ पासून किताब ब्रिटिश व आयरिश खेळाडूंपुरता मर्यादित झाला. शंभर वर्षे दार उघडे होते. येणारे एखाद-दुसरे होते तोवर ते कोणाला खुपले नाही. येणारे जिंकू लागताच लक्षात आले की राष्ट्रीय स्पर्धा ही राष्ट्राचीच असली पाहिजे.

एखादा म्हणेल, यात चूक काय? भारतही आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत परक्यांना बसू देत नाही. मान्य. नियमाला आमची हरकत नाही, आमचा प्रश्न मुहूर्ताचा आहे. आपल्याकडे राखीव जागांवरचा मुलगा खुल्या यादीत दिसू लागला की ज्यांना एकाएकी परीक्षापद्धतीतले दोष दिसतात, त्यांना हा मुहूर्त नीट कळेल. आणि 'आपला' कोण हे तरी कुठे पक्के असते? बंगळुरूत जन्मलेला श्रेयस रॉयल इंग्लंडमध्ये वाढला. २०१८ मध्ये वडिलांचा व्हिसा संपला म्हणून कुटुंबाला देश सोडण्याची वेळ आली होती. गृहमंत्र्यांनी लक्ष घातले आणि ते राहिले. २०२४ मध्ये याच ब्रिटिश स्पर्धेत हा पोरगा त्या देशाचा सर्वांत लहान ग्रँडमास्टर झाला आणि लगेच 'आमचा' झाला.

आमच्या घरचे दारही काही निराळे नाही. भारताची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रात एलुरूला सुरू झाली. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या गटात खेळायला उतरली तर केवढा गहजब झाला! प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले की स्त्रियांना अडवता येणार नाही. दैनिकाच्या संपादकाच्या मुलीला जिथे न्यायालयाची पायरी चढावी लागली, तिथे वस्तीतल्या मुलीने कोणाकडे दाद मागायची?

बुद्धिबळ स्वस्त खेळ आहे, हे आणखी एक थोतांड. पट आणि प्लास्टिकची मोहरी स्वस्त आहेत. पण मानांकन मिळवायचे तर स्पर्धा खेळाव्या लागतात. प्रत्येक स्पर्धेची प्रवेश फी, परगावचे भाडे, मुलाबरोबर जाणाऱ्या आईबापाचा बुडालेला रोज आणि त्यावर प्रशिक्षकाची फी. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, याचा आम्हाला आनंदच आहे. त्याच नागपुरात, त्याच वयाच्या किती मुलींनी प्रवेश फीचा आकडा ऐकून पट मिटून ठेवला असेल?

सुलतान खानाला लंडनला नेणारा जमीनदार होता. आपल्याला जमीनदार नको आहेत, आपल्याकडे विहार आहेत, वसतिगृहे आहेत, गल्लोगल्ली जयंती मंडळे आहेत. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी करून वस्तीतल्या दोन मुलांची वर्षभराची प्रवेश फी आणि रेल्वेचे तिकीट बाजूला काढायला कोणत्या मंडळाची हरकत आहे, ते त्या मंडळाने आम्हाला खुशाल कळवावे.