पदकाआधी मजकूर

प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर शौर्यपदकांची यादी जाहीर झाली, की जिल्ह्याजिल्ह्यांत एकच चौकशी सुरू होते: आपल्या वाट्याला किती? नंदुरबारही त्याला अपवाद नाही. या मोजदादीमागे एक समजूत असते. पदक तेवढे खरे, सोबतचे प्रशस्तिपत्र म्हणजे कचेरीतल्या कारकुनाने मांडलेला शब्दांचा फुलोरा. ही समजूत उलट्या पायाची आहे. पदक ही नुसती खूण असते. कोणी, कुठे, केव्हा, काय केले हे सांगणारा मजकूर हाच खरा सन्मान.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला फ्रान्सचा. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा फ्रेंच सैन्यात शौर्याची दखल लेखी आदेशात नाव घेऊन होई. पण छातीवर दाखवायला त्याची खूण नव्हती. ही उणीव भरून काढायला ८ एप्रिल १९१५ च्या कायद्याने ‘क्रुआ द गेर’ म्हणजे युद्धक्रॉस आला. म्हणजे मजकूर आधी, क्रॉस मागाहून. तो मजकूर कोणत्या पातळीच्या आदेशात आला हेही फितीवर वाचता येई: रेजिमेंट किंवा ब्रिगेडसाठी ब्राँझचा तारा, डिव्हिजनसाठी चांदीचा, कोअरसाठी सोनेरी मुलाम्याचा आणि संपूर्ण आर्मीच्या आदेशासाठी ब्राँझची ताडाची डहाळी. पुन्हा नाव आले, की त्याच फितीवर आणखी एक भर. क्रॉस सगळ्यांचा सारखाच, फरक आदेशाचा. म्हणून नुसता क्रॉस पाहून ‘मोठा शूर’ म्हणणे म्हणजे पाकीट पाहून पत्र वाचल्याचा आव आणणे.

यावर पहिला आक्षेप खैरातीचा. हा क्रॉस इतक्यांना मिळाला, की त्याची किंमत उरली नाही; १९१६ साली व्हो किल्ल्यातून शेवटचा निरोप घेऊन उडालेल्या कबुतराचाही फ्रेंचांनी गौरव केलाच की! (त्या बिचाऱ्याने अर्ज केला नव्हता.) पण संख्येने स्वस्त होतो तो धातू. रेजिमेंटने घेतलेली दखल आणि आर्मीने घेतलेली दखल यांतला भेद फ्रेंच पद्धतीने कधी पुसला नाही, आणि तो राखला मजकुरानेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. प्रशस्तिपत्र अधिकारी लिहितो, साक्षीदार जिवंत असेल तरच लिहितो. साक्षीदार मेला तर शौर्यही मेले. हे खरे आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या व्हिक्टोरिया क्रॉससाठी सर्वसाधारणपणे तीन साक्षीदार लागत, आणि रणांगणात ते मिळतीलच असे नाही. पण यातून पद्धतीची मर्यादा सिद्ध होते, तिचा पोकळपणा नव्हे. रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांचे त्याच क्रॉसचे प्रशस्तिपत्र पाहा. १० जुलै १९४४, इटलीतले वरचे टायबर खोरे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. जवळून मशिनगनचा मारा झाला आणि घाडगे वगळता त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटे मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, टॉमी गनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. या मजकुरातली विशेषणे गाळली तरी काहीच हरवत नाही. ‘सिंहासारखा लढला’ एवढेच लिहिले असते, तर आज हाती काय उरले असते?

तिसरा आक्षेप आपल्याकडचा: साम्राज्याने दिलेली शाबासकी आपण का मिरवावी? मिरवू नये, पण वाचावी. कृत्य घाडग्यांचे होते, राजाचे नव्हे. आणि त्याच राजवटीने दुसऱ्या बाजूला काय केले ते नंदुरबारला ठाऊक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी माणिक चौकात मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे पाच जण हुतात्मे झाले. गोळी झाडणारे सरकार त्यांचे प्रशस्तिपत्र थोडेच लिहिणार? ती जागा भाषणांनी भरली, आणि भाषणांत उरली विशेषणे. शिरीषकुमारची कथा निदान शाळेतल्या मुलाला सांगता येते. बाकीच्या चौघांची नावे क्रमाने येतात आणि संपतात. मिरवणुकीत कोण कुठे उभा होता, गोळी केव्हा लागली, हे कोणी पाहिले, एवढे साधे प्रश्न त्या चौघांबाबत क्वचितच विचारले जातात. कोणी म्हणेल, हुतात्म्यांना लष्करी कागदाची शिस्त कशाला? कारण घाडगे जिथे पडले ती जागा इटलीत असूनही त्यांची ती शेवटची मिनिटे आपण क्रमाने सांगू शकतो, आणि माणिक चौक रोज ओलांडणाऱ्याला घनश्यामबद्दल एक वाक्य सांगायला जड जाते. १९४२ चे पश्चिम खानदेशचे पोलीस कागद, त्या काळची वृत्तपत्रे आणि या पाच घरांमधल्या आठवणी एकत्र ताडून प्रत्येकाचा स्वतंत्र मजकूर लिहिता येईल. त्यासाठी दिल्लीच्या पदकाची वाट पाहण्याचे कारण नाही.