सहलीला निघताना पाण्याचा नियम घरीच राहतो



परदेशी सहल ठरली की आपल्या घरांत पहिली चर्चा खाण्याची. थेपले किती, खाकरे किती, टूरवाला कांदा-लसूण-बटाट्याशिवाय भाजी देणार का, चीजमध्ये रेनेट असते का. (इटलीचे पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनेच बनते, तेव्हा विचारावेच.) ही काळजी योग्यच आहे. पण पाणी गाळून आणि बेताने वापरण्याचा आपला नियम मात्र बहुतेक वेळा भोरलाच राहतो. मला हे खटकते.

यंदा युरोपच्या सहलीत एक दिवस व्हेनिसचा होता. मुक्काम बाहेर मेस्त्रेला, सकाळी जायचे आणि संध्याकाळी परतायचे. आपल्याकडे कालवा म्हटले की शेताचे पाणी. तिथे कालवा म्हणजे रस्ता. शंभरावर बेटे, चारशेहून जास्त पूल, मोटार एकही नाही. एका दिवसासाठी येणाऱ्यांची गर्दी इतकी की 2024 पासून ठरावीक दिवशी त्यांच्याकडून प्रवेशशुल्क घेतात.

सगळे होडीचे फोटो काढतात. मी म्हणेन, चौकाचौकांतल्या दगडी विहिरी बघा. या शहराच्या चारी बाजूंना पाणी, पण ते खारे. म्हणून जुन्या लोकांनी चौक खोल खणला, खारे पाणी आत येऊ नये म्हणून चिकणमातीचे अस्तर दिले, आत वाळू भरली आणि मधोमध विटांची विहीर बांधली. पावसाचे पाणी फरशीतल्या छिद्रांतून उतरे, वाळूतून गाळले जाई आणि मग विहिरीत जमे. पाऊस कमी पडला की होड्यांतून नदीचे गोडे पाणी आणावे लागे. 1884 मध्ये नळाचे पाणी आले, तोवर व्हेनिस बरेचसे या गाळलेल्या पाण्यावर जगले. आता विहिरींवर लोखंडी झाकणे आहेत.

त्यांनी गरजेपोटी गाळले. आपण गाळतो ते जीवदयेपोटी, कारण पाण्यात त्रस जीव असतात आणि पाणी स्वतःही अपकाय जीव आहे. मग हॉटेलात शॉवर अर्धा तास चालू कसा राहतो? दिवसाला माणशी चार प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन दोन घोट पिऊन टाकून कशा दिल्या जातात? "पैसे भरलेत ना" हे उत्तर श्राविकेच्या तोंडी शोभत नाही.

पाण्याचे मोल आपल्याला परक्यांनी सांगायला नको. भाटघर 1928 चे. त्याचे आणि नीरा देवघरचे पाणी खाली नीरेच्या कालव्यांनी शेतांना जाते. वेल्ह्यातून, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातून, पानशेत-वरसगावचे पाणी पुण्याला जाते. इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात डोंगरावरच्या वस्त्यांतल्या बायका हंडा घेऊन चालतात. राजगडावर पद्मावती तलाव आणि कातळातली टाकी खोदणाऱ्यांनाही पडलेला पाऊस धरून ठेवावा लागला होता.

काही जणी म्हणतील, सहलीत एवढे कोण पाळणार? आजारी आणि वयस्कर माणसांना सूट असावीच. पण बाकीच्यांना हे जड नाही. माणशी एक स्टीलची बाटली घ्या. व्हेनिसमध्ये रस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, ती फुकट भरते. गाळण्याचे कापड रुमालाएवढे, पर्समध्ये मावते. रात्री धुऊन वाळत टाका. उकाळलेले पाणी पिणाऱ्यांनी छोटी किटली न्यावी. बादली नसेल तर साबण लावताना शॉवर बंद ठेवा. जूनमध्ये तिथे सूर्यास्त नऊच्या सुमारास होतो, त्यामुळे चौविहारही सहज जमतो.

आणि हे काम एकट्या आईच्या अंगावर टाकू नका. बाटल्या भरणे मुलांकडे द्या, गाळणे यजमानांकडे. नाहीतर आपली मुले जैन असणे म्हणजे हॉटेलात "नो ओनियन, नो गार्लिक" सांगणे, एवढेच समजतील. पाणी जपून वापरणारी आई त्यांनी परगावीही पाहिली, तर पुढे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

पुढच्या सहलीच्या यादीत थेपल्यांच्या वर गाळणे लिहा.