ग्रंथ पूजेसाठी नव्हे

कोल्हापूरच्या बंधुभगिनींनो, करवीर नगर वाचन मंदिर आपल्या शहरात १८५० सालापासून उभे आहे. पण कपाटे भरली म्हणून मने भरतात काय? जो ग्रंथ प्रश्न विचारावयास लावतो, तोच मिटल्यावरही मनातून जात नाही. भाषेचे लालित्य येथे दुय्यम होय.

दादा केळुसकरांनी विद्यार्थी भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून त्या मुलाने आपल्या वडिलांना, सुभेदार रामजींना, थेट विचारले की, रामायण-महाभारत वाचावयास लावता, मग बुद्धाची ओळख का करून दिली नाही? वडिलांच्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. तो प्रश्न १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास पोहोचला.

आणि आपण? बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुढे तो मराठीतही आला. पुष्कळ घरांत तो वस्त्रात गुंडाळून, हार घालून फळीवर ठेवलेला असतो! ही जुनीच पोथीपूजा नव्हे काय? पोथीला निदान पारायण तरी लाभत असे. ते वस्त्र सोडा. घरातील शिकणाऱ्या मुलीला आज रात्री पहिले पान मोठ्याने वाचू द्या. ती मध्येच थांबेल, काही विचारील. तेव्हा तिला गप्प बसवू नका.