टर्फ खाली पाणी: अंगणातलं प्लास्टिकचं गवत पावसाळ्यात का फसतं?

गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईकडे टर्फ हा शब्द क्रिकेटइतकाच कॉमन झालाय. रात्री अकराचा स्लॉट ॲपवर बुक करायचा, आठ ओव्हरची मॅच खेळायची आणि घरी यायचं. आता हेच हिरवं कार्पेट बंगल्यांच्या अंगणात आणि सोसायट्यांच्या मोकळ्या जागेत शिरतंय. रील्समध्ये तर आधी चिखल आणि तीस सेकंदांनी लॉन!

आमच्या सोसायटीतही मागच्या मार्चमध्ये हेच झालं. मागच्या बाजूला साधारण 100 चौरस मीटरचा तुकडा आहे. दर पावसाळ्यात तिथे डबकं साचायचं. चिखलावर उपाय म्हणून टर्फ टाकायचं ठरलं. ठेकेदाराने जमीन वरवर सपाट केली, थोडा मुरूम पसरला, तण येऊ नये म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरला आणि दोन दिवसांत काम संपवलं. मे महिन्यापर्यंत सगळे खूश होते. जूनच्या दुसऱ्या मोठ्या पावसानंतर त्यावर पाय ठेवला की स्पंजसारखं पाणी वर यायचं. आठवड्याभरात वास सुटला, त्यात शेजारच्या कुत्र्याने भर घातली. जुलैपासून पोरं परत पार्किंगमध्ये खेळायला लागली.

मी सॉफ्टवेअरवाला, सिव्हिलचा नाही. पण गोंधळ कुठे झाला हे समजायला शाळेचं गणित पुरतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे 100 चौरस मीटरवर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 5,000 लिटर. गच्चीवरच्या 1,000 लिटरच्या पाच टाक्या एकदम अंगणात ओतल्यासारखं. हे पाणी जाणार कुठे, हा खरा प्रश्न. टर्फच्या ब्रोशरमध्ये त्याचं उत्तर असल्यासारखं वाटतं, कारण तिथे मिनिटाला इतके लिटर निचरा असा आकडा छापलेला असतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो फक्त चटईचा असतो. टर्फच्या पाठीला लेटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो, त्याला ठरावीक अंतरावर भोकं पाडलेली असतात, आणि त्यातून पाणी झरकन खाली जातं. खाली मात्र काळी माती. ओली झाली की ती फुगते, तिच्यातल्या भेगा मिटतात, आणि मग तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. घरातलं वायफाय 300 एमबीपीएसचं आणि बाहेरून येणारी लाइन 2 एमबीपीएसची, तर व्हिडिओ अडकणारच. आमच्याकडे तर मध्ये प्लास्टिकचा कागद घालून लाइनच कापली होती.

गंमत म्हणजे या गवताला पहिली मोठी प्रसिद्धी मिळाली ती 1966 साली, ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये. त्या स्टेडियमला छप्पर होतं. पावसाचा प्रश्नच नव्हता.

बरोबर काम कसं असतं? आधी माती खणून काढायची. तळालाच उतार द्यायचा, कमीत कमी 1 टक्का, म्हणजे मीटरला एक सेंटिमीटर. मग जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड. त्यावर दाबलेली खडी, वर बारीक खडीचा थर, आणि सर्वात खोलगट बाजूला भोकं पाडलेला पाइप, जो पाणी गटारापर्यंत किंवा शोषखड्ड्यापर्यंत नेतो. टर्फ सगळ्यात शेवटी. खर्चाचा आणि मेहनतीचा मोठा भाग न दिसणाऱ्या थरांत जातो, म्हणून तोच कापला जातो. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर टर्फ टाकत असाल तर अजून सावध. तिथे माती नाही, त्यामुळे वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची तोंडं उघडी आहेत का, हे आधी बघा. ती टर्फखाली झाकली गेली तर खालच्या गाडीवर थेंब पडायला लागतील.

फोनवरच्या लेव्हल ॲपने उतार मोजायला जाऊ नका, मी तो प्रयोग केलाय. 1 टक्का उतार म्हणजे जेमतेम 0.57 अंश, आणि बरीच ॲप्स पूर्ण अंशच दाखवतात. गवंड्याकडची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी इथे फोनपेक्षा सरस ठरते. फोनचा उपयोग टायमर म्हणून करा. फूटभर खोल खड्डा खणा, एकदा पाण्याने भरून जिरू द्या, परत भरा आणि तासाभराने पट्टीने मोजा. पाणी सेंटिमीटरभरही उतरलं नसेल तर पाइपशिवाय टर्फ नकोच.

उन्हाचा मुद्दाही आहे. दुपारी टर्फचा पृष्ठभाग 60 अंशांच्या पुढे जाऊ शकतो, अनवाणी पोरांना ते झेपत नाही. आणि टर्फमध्ये भरलेले रबराचे बारीक दाणे साचलेल्या पाण्याबरोबर वाहत गटारात जातात. युरोपियन युनियनने सप्टेंबर 2023 मध्ये मुद्दाम मिसळलेल्या मायक्रोप्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात मैदानांसाठीचे हे दाणे आहेत. त्यांच्या विक्रीला ऑक्टोबर 2031 पर्यंतची मुदत आहे. घरगुती टर्फला सिलिका वाळूही चालते, ठेकेदाराला ते आधीच सांगा.

आमच्या सोसायटीत आता दोन गट आहेत. एक म्हणतो, सगळं उखडून पेव्हर ब्लॉक टाका. मी दुसऱ्यात आहे: टर्फ गुंडाळून ठेवायचं, कागद फाडून टाकायचा, पाइप घालायचा आणि अर्ध्या जागेत खरी झाडं लावायची. गेल्या रविवारी सेक्रेटरी काकांबरोबर कोपऱ्यात खड्ड्याची टेस्ट केली. तासाभरात पाणी चार मिलिमीटर उतरलं. काका म्हणाले, "हे आधी का नाही केलं रे?" खड्डा खणायला वीस मिनिटं लागली होती.