पोलिस ठाण्यातला कॅमेरा चालू असणे इतके महत्त्वाचे का? परभणीच्या निमित्ताने समजून घ्या

परभणी : पोलिसांना तंत्रज्ञान द्यायचे म्हटले की ड्रोन, एआय, फॉरेन्सिक व्हॅन यांची चर्चा होते. पण न्यायाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे साधन ठाण्याच्याच भिंतीवर असते. ते म्हणजे सीसीटीव्ही.

परभणीत काय घडले?

१० डिसेंबर २०२४ रोजी शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि दुसऱ्या दिवशी हिंसाचार उसळला. त्यात अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनी मारहाण केल्याचा आरोप कुटुंबाने केला. त्यांच्या आईच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

अशा प्रकरणात कोठडीत नेमके काय झाले, हे सांगणारे दोनच पक्ष असतात. तिसरा साक्षीदार कॅमेरा.

नियम काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात स्पष्ट निर्देश दिले :

• प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, स्वच्छतागृहाबाहेरची जागा असे सर्व भाग कॅमेऱ्याखाली हवेत.
• कॅमेऱ्यात रात्री दिसण्याची सोय आणि आवाजाचे रेकॉर्डिंग हवे.
• रेकॉर्डिंग १८ महिने जपावे. तशी उपकरणे बाजारात नसतील, तर किमान एक वर्ष.
• कॅमेरा बंद पडल्यास ठाणेदाराने जिल्हा देखरेख समितीला लगेच कळवावे. त्या काळात झालेल्या अटका आणि चौकशांची माहितीही द्यावी.

अडते कुठे?

साधा हिशेब करू. २ एमबीपीएस वेगाने रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २२ जीबी जागा घेतो. १८ महिन्यांचे झाले जवळपास १२ टीबी. बारा कॅमेऱ्यांसाठी १४० टीबीपेक्षा जास्त जागा लागेल. जोडलेली हार्ड डिस्क २ टीबीची असेल, तर ती आठवडाभरात भरते आणि जुन्यावर नवे रेकॉर्डिंग चढते. तक्रारदार वकील गाठेपर्यंत पुरावा पुसलेला असतो. यात कुणाचा हेतू वाईट असायलाच हवा, असेही नाही.

म्हणूनच टेंडरमध्ये फक्त कॅमेऱ्यांची संख्या लिहून भागत नाही. साठवण क्षमता, बॅटरी बॅकअप आणि देखभालीचा करारही त्यात हवा.

फुटेज मिळाले, पुढे काय?

न्यायालयात नुसता पेन ड्राइव्ह चालत नाही. हा धडा शेजारच्या जालन्यातूनच आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हा वाद निवडणूक कार्यालयातील व्हिडिओवर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र बंधनकारक आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्रासोबत हॅश व्हॅल्यूही नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला, तरी ठसा बदलतो.

पोलिसांचाही फायदा

नव्या फौजदारी कायद्यात झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणेही अपेक्षित आहे. पंच फितूर झाले तरी चित्रीकरण फितूर होत नाही. खोट्या आरोपातून प्रामाणिक कर्मचाऱ्याला सोडवणारा पुरावाही तोच.

सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे २०२० चा आदेश पाच वर्षांनंतरही पुरता उतरलेला नाही. परभणीच्या जिल्हा देखरेख समितीने प्रत्येक ठाण्यातील किती कॅमेरे चालू आहेत आणि किती दिवसांचे रेकॉर्डिंग शिल्लक आहे, हे दर महिन्याला जाहीर करावे. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, एक तक्ता पुरतो.